दगडूची पुढची सीट

इंजनात कार्बन साचतो तसे आम्हा जीपवाल्यांत किस्से साचतात. खरवडल्याशिवाय निघत नाहीत. मी शाळा फार शिकलो नाही, पण तलवाड्याच्या रस्त्यावर जन्मभर काळी-पिवळी जीप चालवली. यंदा अंगणातच तिचं इंजन उघडलं, तेव्हाचे हे किस्से.

कारण आधी सांगतो. माझा जीपवरचा जोडीदार दगडू अंबाजोगाईच्या दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. त्याच्या थोरल्या पोरानं ॲम्ब्युलन्स ठरवली. दगडूनं मला फोन लावला.

"बापू, मी आडवा होऊन गावात शिरणार न्हाई. आपली जीप आण. पुढच्या सीटवर बसून येईन."

मी म्हणालो, "जीपचे व्हॉल्व्ह गेलेत. चढाला दम धरत न्हाई."

"मग बसलायस कावून? उघड की बे!"

*

माझ्या इंजनाला मी परका हात लावू दिलेला नाही. हेड, म्हणजे इंजनाचं वरचं झाकण, उतरवलं. व्हॉल्व्हच्या कडा जळाल्या होत्या, त्यांना दाबणारे रॉकर झिजले होते. सामानासाठी गेवराईला महालिंगअप्पांच्या दुकानात गेलो. अप्पांनी रॉकरवरून बोट फिरवलं.

"बापू, लई झिजलंय. भंगारात घाला ती जीप."

मी म्हणालो, "अप्पा, तुमचे सगळे दात पडले. घरच्यांनी तुमाला भंगारात घातलं का?"

अप्पांनी कवळी सावरली आणि नवं सामान काढलं.

*

रॉकरला खालून उचलणाऱ्या लांब सळया असतात. ज्या जागेची सळई त्याच जागी परत घालावी लागते. म्हणून मी त्या ओळीनं एका भोपळ्यात खोचून ठेवल्या. बायको बाहेर आली.

"आवं, हा भोपळा आजच्या भाजीचा हाय!"

"आज पिठलं कर."

जेवताना ती म्हणाली, "दगडूभावजींना लौकर आणा. भोपळा सडायच्या आत."



*

स्प्रिंग दाबून व्हॉल्व्हचं लॉक बसवत होतो, ते हातातून उडालं. नखाएवढा तुकडा, पण त्याच्यावाचून व्हॉल्व्ह जागेवर राहत नाही. अंगण झाडलं. शेळीच्या चाऱ्यात हात घातला. खिशातला माझा फोन सारखा वाजत होता, दगडूच्या नंबरवरून. उचलून सांगणार काय?

बायको बराच वेळ बघत होती. म्हणाली, "उठा आन् धोतर झटका."

झटकलं. फरशीवर टिंग वाजलं.

"घ्या! अख्खी जीप तुमच्या सोग्यात होती!"

मी हसलो नाही. लॉक बसवलं, मग फोन उचलला.

*

फोनवर थोरला होता. "काका, डॉक्टर म्हणत्यात, बसवून नेऊ नका. झोपवूनच न्या."

मागून दगडू ओरडला. आवाज कसला, नुसता वारा. "त्या डॉक्टरला म्हणावं, तू झोपून ये!"

थोरला रडत होता की हसत होता, मला कळलं नाही.

*

इंजन जोडलं, चावी फिरवली. भरपूर धूर ओकून जीप सुरू झाली. तशीच अंबाजोगाईला नेली.

दगडूला पुढं बसवलं. तोल जाऊ नये म्हणून छातीवरून उपरणं घेऊन त्याला सीटला बांधलं. थोरला मागून खांदे धरून बसला. वाटभर दगडूचं तोंड चालू होतं. "गिअर बदल बे! खड्डा बघ, आंधळा झालास का?" बीड मागं पडल्यावर मात्र तो गप्प झाला.

गावाच्या तोंडाशी माणसं उभी होती. मी जीप थांबवली. दगडूनं टोपी नीट केली, मान ताठ केली. सगळ्यांकडं बघून झाल्यावर हळूच मला म्हणाला, "इंजन कावून बंद केलं बे?"

इंजन चालू होतं. गिअरचा दांडा माझ्या हाताखाली थरथरत होता.

मी म्हणालो, "गाव आलं बे."