ताईच्या ताटातली लस

सकाळी नातीला पोलिओचे गुलाबी थेंब पाजले आणि मला लहानपणीचं हर्सूलचं घर आठवलं. तेव्हा या लसीची चाचणी चालू होती. थेंब फक्त ताईला पाजले होते, पण शौचाचे नमुने आम्हा दोघांचे नेले. पुन्हा आले तेव्हा डॉक्टर आईला म्हणाले, "लस धाकट्याच्याही पोटात निघाली." "ह्याला तर पाजलीच नाय," आई म्हणाली. "जिवंत लस आहे. एका ताटात जेवतात ना, हिच्याकडून गेली असेल." "मग बरं झालं का वाईट?" "बहुतेक बरंच." संध्याकाळी आईनं आमची ताटं वेगळी वाढली, थोडा वेळ बघत राहिली, मग माझा भात ताईच्या ताटात लोटला. ती घाबरली होती की खूश, मला कळलं नाही. आत्ता नातीनं वरणभात अर्धा टाकलाय, आणि तिची उष्टी वाटी हातात धरून खाऊ की नको, मीही आईसारखा ठरवतोय.