हिरवं बटन आणि शेजार नसलेली बाई

अन्याय माझ्या शेजारच्या काकूवर झाला. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, अकोल्यातल्या एका मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या विभागाच्या काउंटरवर. वेळ मी तिथेच तळहातावर लिहून घेतली. पत्रकं काढणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. कोणावर झाला, कधी झाला, कुठे झाला, आणि मग ठळक अक्षरांत, कोणी केला. या वेळी मी शेवटच्या प्रश्नावर अडकले, कारण काउंटरवरच्या माणसाचं म्हणणं होतं की कोणीच केला नाही.

"तुमचा नंबर तुमीच रद्द केला, काकू," तो म्हणाला. "शुक्रवारी. ॲपमधून."

काकू सकाळपासून उपाशी होती. ऑपरेशनच्या दिवशी काही खायचं नाही असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिने पिशवीतून धुतलेला टॉवेल, केसपेपर आणि रिकामा डबा काढून काउंटरवर मांडला, जणू एवढं सामान घेऊन आलेली बाई खोटं बोलत नसते हे त्याला कळावं. त्याला कळलंही. पण त्याच्या समोरच्या स्क्रीनला कळत नव्हतं. पुढचा नंबर चैत्रातला होता.

आता चैत्राने काय बिघडतं, ते सांगते. काकू डाळ मिलमध्ये तूर निवडते. लग्न होऊन आली तेव्हापासून निवडते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि डावाही धूसर झाला, तशी ती खडा आणि दाणा बोटांनी ओळखायला लागली. बोटं हुशार असली तरी डोळ्यांइतकी भरभर चालत नाहीत, आणि ते मुकादमाच्या लक्षात आलं होतं. त्याने साफ सांगून टाकलं होतं की माघात नवी तूर येईल, त्याच्या आत डोळा करून घे, नाहीतर तुझ्या जागी दुसरी बसवतो. मार्गशीर्षात ऑपरेशन, पौषात आराम, माघात कामावर. काकूने सगळं बरोबर बसवलं होतं. तिने फक्त एक चूक केली. माझं ऐकलं.

आमच्या गल्लीत दिवसभर हाताशी असणारा चांगला फोन एकच, आपांचा. आपा ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतात. त्यांचा फोन शिलाई मशीनच्या पाटीवर, खडूच्या डबीला टेकून उभा असतो, आणि ज्या बाईला जे काम असेल ती येते, करते, जाते. कोणी गॅसचा नंबर लावते, कोणी नाशिकच्या लेकीचं तोंड पाहते, कोणी कीर्तन ऐकते आणि आपा त्याच तालावर पायडल मारतात. दवाखान्याचं ॲप आल्यापासून सगळ्यांचे नंबरही त्याच फोनवरून लागायचे. काकूचा डोळा, आपांच्या सासूची शुगर, कोपऱ्यावरच्या सुनेचं बाळंतपण, मिस्त्रीबुवांचा गुडघा. एका फोनमध्ये अख्खी गल्ली आजारी होती.

हे सगळ्यांना जमावं म्हणून मी एक पत्रक काढलं. एक पान, हाताने काढलेलं चित्र, झेरॉक्स. फोनची चौकट काढली आणि तिच्या तळाशी एक जाडजूड बाण. शब्द मुद्दाम कमी ठेवले होते: "येणार असाल तर सगळ्यात खाली, मोठं, हिरवं दाबा. बाकी कुठे बोट नेऊ नका." त्यातलं एक आपांच्या भिंतीवर चिकटवलं. काकूचं बोट धरून मी तिच्याकडून दहा वेळा दाबून घेतलं. दहाव्या वेळी ती डोळे मिटून दाबत होती. ती म्हणाली, हे तर आमच्या सुपासारखं आहे. सुपात खडा डावीकडे जातो, काळा दाणा उजवीकडे, चांगला पुढे. पंचवीस बायांपैकी कोणाचंही सूप अंधारात उचलावं, जागा तीच. मिलमध्ये कोणी सुपाची दिशा बदलत नाही. बदललीच तर शेजारची हातावर चापट मारते.

दवाखान्याच्या ॲपची दिशा बदलली, तेव्हा चापट मारायला कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर एक दिवस फोनवर निरोप आला: "आता आमचं ॲप अधिक बुद्धिमान! ते तुमच्या सवयी शिकतं आणि स्वतःला तुमच्यासाठी बदलतं." आम्ही कोणी तो वाचला नाही. कोण वाचतं? आठवडाभरात ॲपने काकूचं अभिनंदन केलं. तिच्या पोटातलं बाळ आता लिंबाएवढं झालंय, तिने पालेभाज्या खाव्यात आणि गुडघ्यावर ताण देऊ नये. गल्ली चार दिवस हसत होती. आपांची सासू, जिला हसताना आम्ही फार कमी पाहिलंय, तिने काकूला विचारलं, "बारशाले बोलावशीन ना मले?" काकू म्हणाली, साखर खायची सोड, मग बोलावते.

मीसुद्धा हसले. हसताना मला कळायला हवं होतं की हे यंत्र आपांच्या फोनमागे एकच बाई धरून बसलंय. अठ्ठावन्न वर्षांची, गरोदर, शुगर असलेली, मिस्त्रीकाम करून गुडघा झिजवलेली बाई. आणि त्या बाईची मनापासून काळजी घेण्याचं त्याने ठरवलंय.

त्या काळजीत काकू मेली. मेली म्हणजे तिचा नंबर मेला. झालं असं की आपांच्या सासूला दवाखान्याचा तिटकारा. नंबर लावायला ती हो म्हणते आणि आदल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपते. आपा मुकाट्याने रद्द करतात, पुन्हा लावतात, पुन्हा रद्द करतात. ॲपने हे पाहिलं आणि शिकलं. या बाईला रद्द करायला आवडतं. मग तिला त्रास कशाला? "रद्द करा" हे बटन त्याने उचललं, मोठं केलं, हिरवं केलं आणि सगळ्यात खाली आणून ठेवलं. "हो, मी येणार" हे वर गेलं, बारीक, करड्या रंगात.

शुक्रवारी आपा बाजारात खडू आणायला गेल्या होत्या. सोमवारी येणार का, अशी फोनवर विचारणा आली. काकू एकटी होती. तिने भिंतीवरच्या माझ्या पत्रकाकडे एकदा पाहिलं, आणि सगळ्यात खाली, मोठं, हिरवं दाबलं. त्यानंतर सेवा कशी वाटली ते विचारणाऱ्या चांदण्या आल्या. त्याही खालीच होत्या. तिने पाचही दाबल्या.

मी आजवर बरीच पत्रकं काढली. रेशनवर, नळावर, बंद पडलेल्या शाळेच्या खोलीवर. एकाही पत्रकाने कोणाचं वाकडं झालं नाही, कारण खरं सांगायचं तर ती कोणी पाळत नाही. हे पहिलंच पत्रक जे कोणीतरी अक्षरशः पाळलं.

हे ॲप बनवणारी कंपनी अमरावतीत आहे हे काउंटरवरच्या माणसाकडूनच समजलं. बुधवारी मी आणि काकू एसटीने निघालो. मूर्तिजापूरला चहा घेतला. काकू सारखी विचारत होती की तिथे माफी मागावी लागेल का. मी म्हटलं, जाब मागायला चाललोय, द्यायला नाही. ती म्हणाली, तुझं बोलणं मला कधी कळत नाही, पण पुढची सीट रिकामी झाली, तिथे बस.

कंपनी एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर होती. खाली पोरं पाढे म्हटल्यासारखी सूत्रं म्हणत होती, वर काचेच्या दारामागे थंड हवा आणि कोणाचाही आवाज नाही. आमच्यासमोर आली ती माझ्याच वयाची एक मुलगी. स्क्रीन कशी दिसावी, बटन कुठे असावं, हे ठरवायचं तिचं काम. बोलणं एकदम धुतलेलं, पुण्याच्या बाजूचं. पण तिने काकूला आधी पाणी दिलं आणि मग खुर्ची दिली, म्हणजे गाव इकडचंच. विचारलं तर धामणगावची निघाली.

तिने सगळं नीट सांगितलं. आधी ती वही घेऊन घरोघर फिरायची. बाया फोन कसा धरतात, कुठे अडखळतात, कोणाला हाक मारतात, ते लिहून आणायची. त्याला वेळ लागायचा. आता साहेबांनी एआय घेतलं आहे. ते बसल्या जागी माणसं बनवून देतं. हव्या त्या वयाची, हव्या त्या जिल्ह्यातली. स्क्रीन त्यांना दाखवायची, त्यांना विचारायचं, ती उत्तर देतात. दुपारी जेवायच्या आत पाहणी संपते. बटनं हलवायची कल्पनासुद्धा याच माणसांना विचारून मंजूर झाली होती. सगळ्यांना आवडली होती.

"कोणाले आवडली?" काकूने विचारलं.

मुलीने लॅपटॉप वळवला. त्यावर एक बाई होती. नऊवारी, रुपयाएवढं कुंकू, मागे हिरवंगार शेत आणि हसू असं की दात मोजून घ्यावेत. खाली लिहिलं होतं: वऱ्हाडी महिला, वय ५८, ग्रामीण-शहरी, मोतीबिंदू.

"हे कोण व्हय?"

मुलीने स्क्रीनवरच्या वयाच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "या... म्हणजे तुम्हीच, काकू. तुमच्यासारख्या."

काकू खुर्ची ओढून जवळ गेली आणि डावा डोळा बारीक करून त्या बाईकडे बराच वेळ पाहत राहिली. "एवढे दात मले असते तं हुरडा खाल्ला असता ना मी," ती म्हणाली. "अन् मोतीबिंदू हाये म्हनते, तं हासून काहून राहिली हे?"

मुलगी म्हणाली, तुम्ही तिला काहीही विचारू शकता. मला वाटलं काकू बटनाचं विचारेल. मी तर तिच्या कानात सांगायलाही वाकले होते. तिने मला हाताने मागे सारलं.

"इले इचार, इच्या घरी फोन कोनापाशी रायते."

मुलीने तो प्रश्न शुद्ध करून टाइप केला. बाईने लगेच उत्तर दिलं. मुलीने ते वाचून दाखवलं: "माझा स्मार्टफोन नेहमी माझ्याजवळच असतो. मी तो आत्मविश्वासाने आणि स्वतंत्रपणे वापरते. या ॲपमुळे माझे जीवन अधिक सुलभ झाले आहे."

काकूने मान हलवली. तिला त्या बाईचा राग आला नव्हता. उलट कीव आल्यासारखं तिचं तोंड झालं.

"इले शेजार नाही वाट्टे," ती म्हणाली.

खालच्या क्लासातलं सूत्र संपलं आणि दुसरं सुरू झालं. मुलीने लॅपटॉप अर्धा मिटला. मग ती जे बोलली ते धामणगावचं होतं. "माह्या आजीचा फोन बी वहिनीपाशीच रायते, काकू. मले ठाऊक होतं. मी इचारलंच नाही."

तेवढ्यात साहेब आले. तिशीतला माणूस, बूट पांढरेशुभ्र. त्यांनी ऐकून घेतलं, खेद व्यक्त केला आणि समजावलं की याला एज केस म्हणतात, म्हणजे कडेला पडलेली केस. एक फोन पाच जणींनी वापरणं हे फार क्वचित. मी म्हटलं, आमच्या गल्लीत चला, तुम्हाला कडच कड दाखवते, मधला भाग शोधून द्या. ते हसले आणि त्यांनी नोंद काढून पाहिली. नोंदीत काकू समाधानी होती. शुक्रवारी नंबर स्वतःहून रद्द केला आणि पाच चांदण्या दिल्या. त्यांनी ते आम्हाला दाखवलं, फार नम्रपणे, जसं डॉक्टर एक्स-रे दाखवतात.

माझ्याकडे त्या दिवशी खूप वाक्यं तयार होती. बसमध्ये जुळवली होती. त्या चांदण्यांपुढे एकही चाललं नाही.

नंबर चैत्रातलाच राहिला. दवाखाना म्हणाला कंपनीकडे जा, कंपनी म्हणाली नंबर देणं दवाखान्याकडे. माघात नवी तूर आली. मुकादमाने तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी काकूच्या जागी बार्शीटाकळीकडची एक पोरगी बसवली. काकूने स्वतःचं सूप तिला दिलं आणि कोणत्या बाजूला काय जातं ते सांगून आली. चैत्रात डोळा झाला. चांगला झाला. हिरवी पट्टी काढल्यावर तिने सगळ्यात आधी आपांच्या भिंतीवरचं माझं पत्रक वाचलं, पहिल्यांदाच नीट, आणि म्हणाली, अक्षर बरं आहे तुझं. आता तिला खडा दिसतो. निवडायला तूर नाही. पुढच्या हंगामात पाहू, असं मुकादम म्हणाला आहे.

आणि सुधारणा झाली, बरं का. आमच्या अमरावतीच्या फेरीचं फळ. ॲप आता उघडलं की पहिल्यांदा विचारतं, "हा फोन तुम्ही एकट्याच वापरता का?" खाली दोन बटनं आहेत. एक "हो". दुसरं "नंतर सांगते". मी पूर्ण स्क्रीन वरखाली सरकवून पाहिली. "नाही" कुठेच नाही. त्या दातवाल्या बाईला विचारूनच केलं असणार. तिला "नाही" म्हणायची वेळ कधी आली नाही.

ते पत्रक मी भिंतीवरून काढलं. नवीन काढलेलं नाही, कारण बटन उद्या कुठे असेल हे मला माहीत नाही. त्याऐवजी हे लिहिलं, आणि ते तुम्हाला उद्देशून आहे. तुमच्यातले कितीतरी जण धामणगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर सोडून पुण्याला, बंगळूरला हेच काम करता. बटन कुठे ठेवायचं ते ठरवता. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती हसरी बाई बसलेली आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे की ती तुमची आई नाही. उद्या सकाळी कामावर गेलात की तिला बंद करा. तुमची पुढची स्क्रीन एका जिवंत बाईच्या हातात द्या, तिच्या शेजारणींसकट, आणि ती "नाही" म्हणेपर्यंत तिच्यासमोरून उठू नका.