राजकारण सोडून बाकी सगळं

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सरपंचांनी मला ॲडमिन केलं आणि हा नियम सांभाळायला दिला. मीही तो परीक्षेसारखा मनावर घेतला.

राजकारण कशाला म्हणायचं, हे सुरुवातीला मला कळेना. नेत्याच्या वाढदिवसाचे चाळीस फोटो म्हणजे शुभेच्छा. सरपंचांनी नारळ फोडलेल्या नालीचा व्हिडिओ म्हणजे माहिती. हळूहळू मी तयार झालो.

मग आषाढात पाऊस दडून बसला. रोवणीसाठी टाकलेले धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, पिवळे पडू लागले. तलावात पाणी होतं, पण गेट बंद. बाबांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी ग्रुपवर बोलूनच मेसेज टाकला, "तलावाचं गेट काहून नाही उघडून राहिले जी? आमचे पऱ्हे वाळून राहिले."

लगेच सरपंचांचा मला फोन. "बाबू, ग्रुपवर राजकारण नोको. तू तं शिकलेला आहेस."

शिकलेला असल्यामुळे मी मेसेज काढून टाकला.

त्याच्या जागी एक ओळ उरली. बाबांना वाटलं, उत्तर आलं. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "पाय बरं, काय लिवलं?"

ओळ होती, हा मेसेज ॲडमिनने हटवला आहे. मी वाचलं, "सरपंच पाहतो म्हणते."

बाबा दोन दिवस त्या उत्तराच्या भरवशावर बसले. तिसऱ्या दिवशी मी खरं काय ते सांगितलं.

"कायले काढलास?"

"ग्रुपवर राजकारण चालत नाही, बाबा."

"हे राजकारण होय? मले वाटे, पाणी होय."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते चप्पल घालून सरपंचांच्या घराकडे निघाले. शेजारच्या काकांनी तो मेसेज काढण्याआधी ऐकला होता. "थांबा जी," ते ओरडले, "आमच्या बांधीतलंही राजकारण वाळून राहिलं!" पोहोचेपर्यंत आठ-दहा जण झाले. मी सगळ्यांत मागे होतो, पण होतो.

दुपारी गेट उघडलं. संध्याकाळी माझं ॲडमिनपद गेलं.

आमच्या शेतातल्या तीन बांध्यांपैकी दोन बांध्यांतले पऱ्हे वाचले. तिसरीतले त्या दोन दिवसांत गेले. नियम मात्र मी शेवटपर्यंत चोख पाळला होता.