टोमॅटोचं रोप घेऊन मलकापूरला

बाबांचे गुडघे वाकेनासे झाले, तेव्हा मी पुण्यात आमच्या गच्चीवर खुर्चीच्या उंचीला पाइप बसवले आणि मातीशिवाय, नुसत्या खतपाण्यावर टोमॅटो लावले. साल २००६. दोन महिने बाबा खुशीत होते. मग शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. मी खत वाढवलं, तर आणखी पिवळी. एका सकाळी बाबा म्हणाले, "काढून टाक सगळं." त्यानंतर ते गच्चीवर आलेच नाहीत. त्या शनिवारी मी एक रोप मुळासकट पिशवीत घातलं आणि कोल्हापूरची गाडी पकडली.

जायचं होतं मलकापूरजवळ, सुमनताईंकडे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या या बाई घरामागच्या शेडमध्ये पाण्यावर भाजी पिकवतात. एका कृषी प्रदर्शनात त्यांचा नंबर मिळाला होता.

कोल्हापुरात उतरल्यावर आधी मिसळ. कट जास्त मागितलात तर रुमाल जवळ ठेवा! स्टँडवरून मलकापूरची एसटी सहज मिळते, तिकीट तीसेक रुपये. बांबवडे सोडलं की डोंगर जवळ येतात, म्हणून खिडकी पकडाच.

कंडक्टरनं पिशवीत डोकावलं. "पावणं, टमाट्याला कुठं फिरवाय निघालासा?"

"डॉक्टरकडे."

"मग ह्येचं हाफ तिकीट काढाय लागंल की!" अख्खी गाडी हसली.

सुमनताईंनी दारातच रोप हातात घेतलं. "आधी वरचं पान पिवळं पडलं का खालचं?"

"वरचं."

"शिरा तेवढ्या हिरव्या हायत. लोह मिळंना झालंय ह्याला."

"पण मी दर आठवड्याला हिराकस घालतोय. त्यात लोहच असतं ना?"

"पाणी कसलं?"

"बोअरचं."

त्यांनी बाटलीभर पाण्यात, ते बोअरच्या पाण्यासारखं क्षारी व्हावं म्हणून, चिमूटभर सोडा टाकला, मग हिराकस. थोड्या वेळानं तळाशी तांबडा गाळ बसला. "तुमच्या टाकीत हाय का न्हाय असं?"

होता. मी आठवडेच्या आठवडे टाकीत गंज साठवत होतो आणि मुळं उपाशी होती. ताईंनी सांगितलं, पाण्याचा पीएच उतरवा आणि विरघळलेलंच राहणारं चिलेटेड लोह घ्या.

"मग बोरॉन, जस्त, तांबं, सगळंच थोडं वाढवू का?" मी उत्साहानं विचारलं.

ताईंनी बाटली बाजूला ठेवली. "पयल्या वर्षी मी बी हेच केलं. बोरॉन चिमटीऐवजी चमचाभर. चार दिसांत पानांच्या कडा जळाल्या, शेड मोकळी झाली. जल्मभर दुसऱ्यास्नी रसायनं तोलून दिली मी, आन् सोताच्या झाडाला अंदाजानं घातलं! म्हैनाभर शेडचं दार उघडलं न्हाय. भावकी हसत हुती. मग सोनाराचा काटा आणला."

मग भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून आम्ही भाकरी, शेडमधली वांगी आणि खर्डा खाल्ला. खर्डा जपून.

घरी आलो, टाकी घासली, वजन करून सगळं घातलं. पिवळी पानं पिवळीच राहिली, पण आठेक दिवसांत शेंड्याला नवी हिरवी पानं आली. मी ती तोडून खाली बाबांना दाखवली आणि ताईंच्या चमच्याची गोष्ट सांगितली. इतकी जाणकार बाईसुद्धा चुकली आणि अनोळखी माणसाला मोकळेपणानं सांगते, हे त्यांना फार आवडलं. "फोन लाव," म्हणाले. पाऊण तास बोलले.

रिसीव्हर ठेवून ते थोडा वेळ गुडघे चोळत बसले. मग विचारलं, "एसटीची पायरी फार उंच असते का रे?"