गाडीवरची पाटी

बजाजनगरमधल्या कंपन्यांत कंत्राटावर राबणाऱ्या बायका मनाच्या दुखण्यासाठी सरकारी दवाखान्यात का येत नाहीत, तिथं काय बदलायला हवं, याचा अभ्यास आम्ही करत होतो. त्यातच ही बाई भेटली. पॅकिंगला जायची. नवऱ्यानं टाकलेली, एकटीच भाड्याच्या खोलीत राहायची. सुरुवातीला आम्ही कंपनीबाहेरच्या टपरीमागं बोलायचो. झोप नाही, छातीत धडधडतं, लाइनवर उभं असताना मध्येच रडू फुटतं, असं ती सांगायची.

एकदा मीच म्हणाले, "घरी येते तुमच्या, निवांत बोलू."

ती घुटमळली, मग "या" म्हणाली. मी तो होकार धरला, कारण मला तो हवा होता.

आमची गाडी तिच्या बोळाच्या तोंडाशीच उभी राहिली. दोन्ही बाजूंना ठळक अक्षरं : मानसिक आरोग्य सेवा.

आठवडाभरात तिचा फोन आला. "ताई, मालकीण खोली खाली कर म्हणती. येडी बाई ठेवायची नाय म्हणती."

मी तशीच गेले. झोप न लागणं म्हणजे वेड नव्हे, औषधानं बरं होतं, असं मालकिणीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"तुमचं खरं असंल मॅडम. पण माझ्या दोन पोरी लग्नाच्या हाईत. लोकं काय खरं-खोटं बघत्यात व्हय?"

तिच्यावर रागावण्याचं तोंड मला नव्हतं.

बाई पैठण रोडवर चितेगावला मावसबहिणीकडं गेली. टेंपोत सामान चढवताना मी भांड्यांच्या पोत्याला हात घातला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. सगळी बघायलीत."

अहवालात मी लिहिलं : मनाचे डॉक्टर वेगळे बसवू नका, बीपी-शुगर तपासतात तिथंच बसवा. ते मान्य झालं. पैठण रोडवरच्या एका आरोग्य केंद्रात तसं सुरूही झालं. बैठकीत कौतुक झालं. ही गोष्ट सुचली कशी, असं कुणीतरी विचारलं. "बायकांशी बोलून," एवढंच मी म्हणाले आणि पाण्याचा ग्लास उचलला.

पुढं त्या केंद्रात गेले, तेव्हा ती बाकावर बसलेली दिसली. मी हसून पुढं झाले. तिनं पदर सावरला, माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "गोळीनं झोप लागती आता. पण ताई, इथं वळख दाखवू नका."

मी तशीच पुढं चालत गेले.