अल सुलैची सोप्रानो

रियाधमध्ये धूळ कुणी मुद्दाम घरात आणत नाही. दारं-खिडक्या लावून बसलात तरी ती येतेच. नाझियाच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. मी काही ते जमवायला बसले नव्हते. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून इथे आले, येताना हार्मोनियम आणली, आणि आमच्या शुक्रवारच्या मराठी मंडळींत ही पोरगी भेटली. वडील रत्नागिरीकडचे, जन्म इथला, शिक्षण इटलीतलं, आणि व्यवसाय? ऑपेरातली सोप्रानो! म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यात उंच पट्टी, तीही माईकशिवाय.

आम्ही सगळे तिला ऐकून थक्क व्हायचो. तिच्या अब्बांनी मात्र, म्हणजे हसनचाचांनी, तिला एकदाही धड बसून ऐकलं नव्हतं. "ज्याचे शब्द समजत नाय, ता गाना कसला?" हा त्यांचा मुद्दा. नाझिया हसण्यावारी न्यायची, पण तिला ते फार लागायचं.

* * *

सुरुवातीला ती रियाज करायला माझ्या फ्लॅटवर यायची. ऑपेराला हार्मोनियमची साथ! इटलीतल्या तिच्या मास्तरांना कळलं असतं तर त्यांनी तिचं सर्टिफिकेट परत मागवलं असतं.

एक दिवस बेल वाजली. दारात बिल्डिंगचा वॉचमन, हैदराबादचा. "मॅडम, शिकायत आई है. आपके घर में किसी औरत को मार रहे हैं."

मी हसत हसत नाझियाला पुढे केलं. त्याने तिला नीट न्याहाळलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बहन, डरो मत. सच बोलो."

त्याची खात्री पटावी म्हणून तिने तिथेच, दारात उभं राहून, वरचा सूर लावला. तो जिन्याच्या कठड्याला टेकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माफ करना मॅडम. मार तो आप खा रही हैं!"

* * *

मग रियाज हलला रियाधच्या गोदामांच्या वस्तीत, अल सुलैला, हसनचाचांच्या गोडाऊनमध्ये. टाइल्स, वॉशबेसिन, कमोड यांच्या थप्प्यांमध्ये उभी राहून ही गायची. आवाज असा घुमायचा की अंगावर काटा यावा. चाचा तेवढा वेळ ऑफिसचं दार लावून, एसी फुल करून आत बसायचे.

पण एक घोटाळा झाला. तिचा सगळ्यात वरचा सूर आणि फोर्कलिफ्टचा रिव्हर्सचा भोंगा अगदी एका पट्टीत निघाले! तिने सूर लावला की कामगार टुणकन बाजूला उड्या मारायचे. पुढे त्यांना सवय झाली, आणि मग खरी फोर्कलिफ्ट मागे आली तरी कुणी हलेना. उलट एकजण डोळे मिटून "माशाल्ला" म्हणाला!

फोरमनने हात जोडले. "बेटी, सब गाओ. बस वो एक सूर घर पे लगाना."

"अब्बा, तुम्ही तरी सांगा ना याला," नाझिया म्हणाली.

चाचा दार किलकिलं करून म्हणाले, "खलास झाला? मग यल्ला, जेवायला."

* * *

आमच्या मुलांच्या इंडियन स्कूलमध्ये एकदा तिचा कार्यक्रम ठेवला होता. ती गायली, टाळ्या पडल्या. घरी येताना मी लेकीला विचारलं, "कसं वाटलं गं?"

नेहमीप्रमाणे उत्तर हिंदीतून आलं. "अच्छा था. लेकिन मम्मा, आंटी को किसी ने बताया नहीं क्या, कि स्कूल में माईक है?"

* * *

रियाधमध्ये बसवल्या जाणाऱ्या एका ऑपेराच्या ऑडिशनच्या आधी तिचा घसा बसला. मराठी मंडळींत कुणाचा घसा बसला म्हणजे पर्वणीच! ज्येष्ठमध आला, हळद आली, आलं, मिरी, लवंग, सगळं एकत्र उकळून मी तिला पाजलं. ती रडली, पण आवाज सुटला आणि कोरसमध्ये निवड झाली.

पुढे त्यांच्या वाद्यवृंदाच्या इटालियन कंडक्टरचाच घसा धरला. नाझियाने मोठ्या प्रेमाने थर्मास पुढे केला. त्याने एक घोट घेतला, लालबुंद झाला, खुर्ची धरून खाली बसला. बोलता यायला लागल्यावर म्हणाला, "तुझा तो वरचा सूर कुठून येतो, ते आज कळलं!"

* * *

आणि मग एक दिवस मुख्य गायिका आजारी पडली. एका प्रयोगापुरती नाझिया नायिका! तिने चाचांना पहिल्या रांगेतलं तिकीट दिलं. "ट्रक यायचा हाय," ते म्हणाले. प्रयोगाच्या दिवशी मात्र इस्त्रीचा सफारी घालून, अत्तर लावून माझ्या शेजारी येऊन बसले.

पहिला अंक ते खुर्चीच्या कडेवर बसून होते. मग त्यांचं लक्ष स्टेजच्या वर लावलेल्या अक्षरांच्या पट्टीकडे गेलं. गाण्याचे शब्द तिथे अरबीतून उमटत होते. उभं आयुष्य इथे काढलेला माणूस! ते ओठ हलवत वाचायला लागले, आणि त्यानंतर हललेच नाहीत.

शेवटच्या अंकात क्षयाने खंगलेली नायिका नवऱ्याच्या मिठीत गात गात मरते. नाझिया अशी काही गायली की माझे डोळे वाहायला लागले. सूर विरला. ती कोसळली. वाद्यं थांबली. अख्ख्या हॉलमध्ये श्वास ऐकू येईल अशी शांतता.

आणि शेजारून, लहानपणी गावाकडे संगीत नाटकं पाहिलेल्या माणसाच्या खणखणीत आवाजात आलं, "वन्स मोअर!"

कंडक्टरची काठी हवेतच राहिली. नवरा झालेल्या गायकाने प्रेताकडे पाहिलं. प्रेताने एक डोळा उघडला आणि ते हळूच बोललं. पण सोप्रानोचं हळूच म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत!

"अब्बा, मी मेलेय!"

हसनचाचा उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "मग काय झाला? उठ गो, आनि परत मर!"