बाबांची खुर्ची

सुनावणीच्या खोलीत बाबांसाठी एकच खुर्ची होती. कंपनीचा मराठी मॅनेजर आत आला आणि बाबा पटकन उठले. इथं आखातात, सोहारच्या कारखान्यात इतकी वर्षं ते असेच उठत आलेत. मॅनेजर त्याच खुर्चीत बसला. म्हणाला, "राहू दे. तू उभाच बरा दिसतोस."

बाबा त्याच्यापेक्षा वयानं मोठे. तरी 'तू'. एकदा तो घरी आला, आमची बुद्धमूर्ती पाहिली, त्या दिवसापासून त्याचं 'तुम्ही' संपलं.

बाबा कामावरून पळाले, ही तक्रार त्याचीच. बाबा टायफॉईडनं हॉस्पिटलात होते आणि तसं त्याला फोनवर कळवलंही होतं. पण कामगार खात्याचा आधीचा निर्णय बाबांना न विचारताच झाला. आज त्याची फेरतपासणी. इथं हरलो तर आम्हा सगळ्यांना देश सोडावा लागणार. माझं कॉलेज बंद. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली.

आणि दुभाषा कोण? तोच. कंपनीच्या माणसाला अरबी येतं, मग दुसरा कशाला. सोय.

बाबा बोलत राहिले. ताप, सलाईन, फोन, सगळं. मॅनेजरनं अरबीत एकच वाक्य टाकलं: हा चूक कबूल करतो, दया मागतो. समोरचे खात्याचे अधिकारी लिहू लागले.

माझं अरबी शाळेतलं, मोडकं. वाटलं, मलाच नीट कळलं नसेल. मोठ्या माणसाला खोटारडा कसं म्हणायचं? मी बाबांकडे पाहिलं. ते त्याच्या पाठीमागे हात जोडून उभे होते. आपलं म्हणणं पोचलं, अशा समाधानात.

मला त्या माणसाची शिसारी आली. बाबांच्याच खुर्चीत बसून तो बाबांच्याच नावानं खोटं बोलत होता.

मी अडखळत अरबीत म्हणाले, "माझे वडील हे बोलले नाहीत. तक्रार यांचीच आहे. दुसरा दुभाषा द्या."

मॅनेजर हसला. मराठीत म्हणाला, "बाळ, चार बुकं शिकलीस म्हणून मोठ्यांच्यात बोलू नये. मी सांभाळून घेतोय ना."

"तुम्ही फक्त खुर्ची सांभाळताय. ती बाबांची आहे. उठा."

तो उठला नाही. पण अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. पुढची तारीख दिली, दुसऱ्या दुभाष्यासह. बस, एवढंच. निकाल अजून डोक्यावर आहे.

बाहेर बाबा म्हणाले, "साहेबांना असं बोलू नये गं."

"कसला साहेब, बाबा?"

त्यांनी तारखेचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्या तारखेला तो आत येईल. सवयीनं खुर्चीतल्या बाबांचे गुडघे उठायला हलतील. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवीन आणि दाबून धरीन.